पन्नास तार

बेळगावात राहणाऱ्याला काँग्रेस विहीर कुठे आहे हे विचारावे लागत नाही. भाजी आणायला, मुलांना शिकवणीला सोडायला आपण त्याच रस्त्याने जातो आणि विहिरीकडे मान वळवून पाहतही नाही. मी इतिहास शिकवते, म्हणून वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन तिथे थांबणे होते. वीरसौधच्या आवारात उभे राहून मी काय सांगायचे तेही ठरलेले. २६ आणि २७ डिसेंबर १९२४. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते आपल्या गावात. अधिवेशनाला येणाऱ्यांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली. व्यवस्थेचा सगळा भार हुदलीच्या गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होता. मुले विहिरीत डोकावतात, फोटो काढतात आणि आम्ही परत येतो.

२०२४ च्या डिसेंबरात अधिवेशनाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने मी जरा जास्त तयारी करून गेले होते आणि एरवी गाळते ती एक गोष्ट मुलांना सांगितली. या अधिवेशनात असे ठरले की काँग्रेसचे सभासद व्हायचे तर चार आणे वर्गणी नको, दर महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यायचे, स्वतः कातलेले. आजारी असाल किंवा कातायची इच्छाच नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेले. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, दोन हजार यार्ड म्हणजे रोज किती वेळ बसावं लागत असेल?"

मला उत्तर देता आले नाही. ठरावाची तारीख पाठ, तो कुणी मांडला, कुणी नाके मुरडली तेही ठाऊक. पण सूत कातायला किती वेळ लागतो हे वीस वर्षांत माझ्या डोक्यातच आले नव्हते. "बघून सांगते," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. शिक्षकाला हे चांगले जमते.

खरे तर मला लाज वाटायला हवी होती, कारण माझे माहेर वडगावचे. वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून जे हिंडले असतील त्यांना मागांचा तो खडखडाट माहीत आहे. आम्ही अभ्यास त्या आवाजात केला, झोपलोही त्याच आवाजात. वीज गेली की शांततेने जाग येत असे. शेजारच्या काकू कांड्या भरायच्या, सुताचे कोन पोत्यांतून यायचे. पण सूत म्हणजे कोनावर गुंडाळून येणारी वस्तू. ते कुठेतरी, कुणीतरी कापसातून ओढून काढत असेल असा विचार विणकरांच्या गल्लीतही कुणी करत नसे.

आमच्या घरी सूत नव्हते, लोकर होती. आई विणायची. बेळगावचा पाऊस आणि त्यानंतरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना स्वेटरचे महत्त्व सांगायला नको. आईला हे विणकाम कॅम्पातल्या एका शेजारणीने शिकवले होते, आणि आईने ते अर्ध्या गल्लीला शिकवले. नात्यात कुणाकडे पाळणा हलणार असे कळले की आई खडेबाजारातून लोकरीची लड आणायची. ती लड माझ्या दोन्ही हातांत अडकवून समोर बसायची आणि गोळा करायची. मी हात डावीकडे-उजवीकडे डोलवत राहायचे, नाहीतर धागा अडकायचा. दहा नंबरच्या सुईवर बॉर्डर, दोन सुलट दोन उलट; मग आठ नंबरवर वरचा भाग. टोपडे, मोजे, बिनबाह्यांचा स्वेटर. वडिलांचा जुना स्वेटर कोपरावर विरला की तो उसवायचा, वाकडी-तिकडी झालेली लोकर किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि त्यातून माझा स्वेटर निघायचा. माझा लहान झाला की भावाचा. एकच लोकर तीन अंगांवर राहून आली.

विणकामाचे खरे सुख या उसवण्यात आहे असे माझे मत आहे. शिवणात कापड एकदा कापले की कापले. स्वयंपाकात मीठ एकदा पडले की पडले. विणताना दहा ओळी चुकल्या तर सुई काढा, धागा ओढा, पुन्हा सुरू करा. लोकर तितकीच राहते. आई टीव्ही बघत, बोलत, भांडतसुद्धा विणायची, आणि मी कॉलेजात लागल्यावर स्टाफरूममध्ये तेच सुरू केले. परीक्षेच्या सुपरव्हिजनला मात्र सुया नेता येत नाहीत, तेवढे दुःख आहे.

लग्न होऊन मी कन्नड घरात आले. सासर मूळचे बैलहोंगलचे. पहिल्या वर्षी मला "ऊटा आत?" आणि "बरतीनी" एवढेच येत होते आणि सासूबाईंना मराठी फक्त ऐकून कळत होती. त्यांना मी अत्ती म्हणते. आईची आणि अत्तींची, म्हणजे दोघी विहिणींची, पहिली दोस्ती झाली ती भाषेमुळे नव्हे. आमच्या मुलाच्या वेळी आई टोपडे विणत बसलेली आणि अत्ती शेजारी कापसाच्या वाती वळत बसलेल्या. आई म्हणाली, फुलवात. अत्ती म्हणाल्या, हूबत्ती. आपण देवाला कापसाची वस्त्रमाळ घालतो, त्याला त्यांच्यात गेज्जेवस्त्र. तासाभरात दोघींची अख्खी पूजेची यादी दोन भाषांत झाली होती. त्यानंतरही वर्षानुवर्षे दोघी एकत्र बसल्या की एकीच्या मांडीवर लोकर, दुसरीच्या मांडीवर कापूस, आणि बोलणे बेताचे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये अत्तींना अर्धांगाचा झटका आला. बोलणे पंधरा दिवसांत परत आले, पाय दोन महिन्यांत. उजवा हात मात्र हट्टाला पेटल्यासारखा राहिला. खांद्यातून हलायचा, मूठ अर्धवट मिटायची, बोटांची चिमूट होत नव्हती. वात वळायला चिमूटच लागते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाने एक रबरी चेंडू दिला होता, रोज शंभर वेळा दाबायचा. अत्ती दहा वेळा दाबायच्या आणि "साकातु" म्हणून खिडकीत ठेवून द्यायच्या. मी आठवण करायचे, नवरा रागवायचा, मुलगा मोजायला बसायचा. एकदा त्या म्हणाल्या, चेंडू दाबून काय निघते? दूध निघते का? यावर आमच्यापैकी कुणापाशी काही उत्तर नव्हते. हळूहळू त्या सकाळी उठून खुर्चीत बसायच्या आणि रात्री खुर्चीतून उठायच्या, एवढेच राहिले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला २०२५ च्या जानेवारीत आम्ही हुदलीला गेलो, तेव्हा अत्तींना बरोबर घेतले ते केवळ घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून. हे कबूल केलेले बरे.

हुदली काही लांब नाही. सांबऱ्याचे विमानतळ मागे टाकून सुळेभावीच्या बाजूने पंचवीस-तीस किलोमीटर. पण या तेवढ्या अंतरात जमीन बदलते. बेळगावच्या पश्चिमेला भात आणि तांबडी माती. इकडे पूर्वेला काळी होत जाते आणि जानेवारीत ज्वारी, हरभरा दिसू लागतो. अत्ती खिडकीतून पाहत होत्या. त्यांच्या बैलहोंगलची माती हीच. वाटेत मेंढरांचा एक कळप आडवा आला, गाडी थांबली, आणि माझ्यातल्या स्वेटरवालीने लगेच हिशेब केला. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बरीचशी काळी. तिचे घोंगडे होते, कन्नडात कंबळी. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन विणलेली, पावसात डोक्यावर घेतली की आतला माणूस कोरडा. तिचा स्वेटर मात्र कुणी घालणार नाही, दिवसभर अंग खाजवत बसेल.

हुदली हे गंगाधररावांचे गाव. वतनदार देशपांड्यांच्या घरातला हा माणूस आधी टिळकांचा, मग गांधींचा झाला आणि त्याने गावात खादीचे काम उभे केले. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावात भरले आणि गांधीजी काही दिवस इथे राहिले. काँग्रेसचे पुढारी या काळ्या मातीच्या खेड्यात एप्रिलच्या उन्हात बसले होते हे आज त्या रस्त्याने जाताना खरे वाटत नाही. खादीचे काम मात्र टिकले. आजही हुदली म्हटले की आपल्याकडच्या लोकांना आधी खादी आठवते.

आत गेलो तेव्हा बायका कातत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तसबिरीतला चरखा होता, मांडी घालून बसलेले गांधीजी आणि पुढे लाकडी चाक. इथे तसे काही नाही. लोखंडी चौकटीत रांगेने चात्या, बाजूला एक दांडा. एक हात दांडा फिरवतो आणि सगळ्या चात्या एकदम सूत ओढतात. हा अंबर चरख्याचा वंशज. तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत असा अनेक चात्यांचा चरखा बनवला, त्यांच्या नावावरून तो अंबर. पेळूही आता हाताने पिंजून होत नाहीत. आपल्या राज्यात खादी आयोगाचा त्यासाठी चित्रदुर्गला कारखाना आहे. बाईचे काम म्हणजे दांडा फिरवणे, आणि तुटलेला धागा जोडणे. ते जोडणे पाहण्यासारखे आहे. तुटलेले टोक पेळूच्या तोंडाशी नुसते टेकवायचे, पीळ त्याला धरून घेतो. गाठ नाही.

एका अक्कांशी बोलत बसले. मजुरी लडीवर मिळते, जितक्या लडी तितके पैसे. मी घरी विणकाम करते, सूत कातायचेही शिकावे म्हणते, असे सांगितले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "याक?" म्हणाल्या. कशाला? हौस म्हणून, मी म्हणाले. त्या हसल्या, वाईट नव्हे, पण हसल्या. "नमग इदु होट्टिपाडु नोड्री." आमचे हे पोटाचे काम आहे. यावर काय बोलणार? दिवसभर दांडा फिरवून ज्याचा खांदा रात्री ठणकतो त्याला माझ्या हौसेचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा करणेच चुकीचे. हे लिहितानाही ते वाक्य मला टोचते आणि टोचू द्यावे असे वाटते. कातण्या-विणण्याचे गोडवे गाणारे आपण बहुतेक असे आहोत की ज्यांची चूल त्यावर पेटत नाही. आपल्या भागात या कामाला आणखी एक ओझे आहे. राष्ट्रध्वजाची खादी आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या गरगला आणि बागलकोटकडे तुळसीगिरीला विणली जाते, ध्वज हुबळीच्या बेंगेरीत तयार होतात. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. हाताने कातणाऱ्याला त्याची काळजी वाटते, मला फक्त बातमी वाटते.

मी हे सगळे वहीत टिपत असताना अत्ती कुठे आहेत याकडे माझे लक्ष नव्हते. पाहिले तर त्या एका कातणाऱ्या बाईशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्या बाईने पेळूचा एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला होता आणि अत्ती तो डाव्या हाताच्या बोटांनी ओढून पाहत होत्या. ओढायच्या, पीळ द्यायच्या, पुन्हा ओढायच्या. उजवा हात मांडीवर होता, पण त्याच्या तळव्यावर त्यांनी टोक दाबून धरले होते.

परतीच्या वाटेवर सुळेभावी येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग एकदम सांगू लागल्या. त्या बैलहोंगलला तिसरीत होत्या तेव्हा शाळेत टकळी होती. पितळेची चकती आणि वर तार, चकतीखाली टोक. मास्तर शनिवारी प्रत्येकाचे सूत हातात घेऊन ओढून पाहायचे. तुटले की छडी. पेळूला त्या हंजी म्हणाल्या, चातीला कदिरू, चरख्याला राटी. लग्नाला वीस वर्षे झाली, पण हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. माझ्या नवऱ्यानेही ऐकले नव्हते, आणि तो त्यांचा मुलगा.

वर्ध्याला माझी एक वर्गमैत्रीण आहे. तिने पेटी चरखा आणि पेळू पाठवले. हा चरखा म्हणजे एखाद्या जाड पुस्तकासारखी लाकडी पेटी. उघडली की आत दोन चक्रे, एक मोठे, एक लहान, आणि चाती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना तो आकाराला आला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणत. जाता जाता सांगते, त्याच सुमाराला, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या बेळगावात सायकलीचे दुकान चालवत होते, इथून उठून ते कुंडलच्या माळावर गेले. त्यांच्या किर्लोस्करवाडीतही त्या बक्षिसासाठी एक चरखा तयार झाला. बक्षीस काही मिळाले नाही.

पहिले आठ दिवस माझ्या हातून सूत निघाले नाही. कधी दोरखंड निघे, कधी नुसता कापूस उडे. चूक अशी की मी डोळे बारीक करून प्रत्येक वीत सारखी करायला जात होते. मग लक्षात आले की पिळाची स्वतःची एक सवय आहे. तो आधी बारीक जागेत शिरतो. बारीक जागा पीळ खाऊन घट्ट होते. जाड जागेपर्यंत पीळ कमी पोचतो म्हणून ती मऊ राहते, आणि हात मागे ओढला की तीच लांबते, बारीक होते. मग तिथेही पीळ शिरतो. म्हणजे आपण बेताने ओढत राहिलो तर सूत आपले आपण सारखे होत जाते. हे कळल्यावर माझे खांदे खाली आले. चक्र फिरवत हात मागे न्यायचा, थांबायचे, चक्र किंचित उलटे फिरवून टोकावरची उकल काढायची, मग सूत चातीवर गुंडाळायचे. कर्र, थांब, कर्र. वडगावच्या मुलीला पहिल्यांदा कळले की सूत इतक्या कमी आवाजातही होते.

आता हिशेब. खादीवाल्यांच्या मोजमापात एक तार म्हणजे चार फूट, फाळक्याचा एक वेढा. एकशे साठ तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी. सदऱ्याची गुंडी नव्हे. महिन्याचे दोन हजार यार्ड म्हणजे सहा हजार फूट, म्हणजे दीड हजार तार. तीस दिवसांनी भागले की रोजचे पन्नास तार. ऐकायला किती थोडे वाटते!

मी २०२५ च्या मार्चमध्ये ठरवले की एक महिना १९२५ ची वर्गणी भरून पाहायची. सुरुवातीला पन्नास तारांना पाऊण तास लागे, महिनाअखेरीस अर्ध्या तासावर आले. गांधीजी रोज अर्धा तास कातायला सांगत ते हवेतले नव्हते. तरीही मी नापास झाले. पेपर तपासणी, एक लग्न, दोन दिवस ताप, आणि चार दिवस नुसता कंटाळा. महिन्याचे अकराशे तार भरले, चारशे कमी. वर्गणी आहे, भरलीच पाहिजे, असे मनात आले की चरख्याकडे पाहावेसे वाटत नसे. आणि एप्रिलमध्ये मोजणे सोडले तसे पुन्हा रोज बसू लागले. त्या काळच्या सभासदांचेही फार वेगळे झाले नसावे. अनेकांनी सूत विकतच घेऊन दिले, आणि १९२५ च्या सप्टेंबरातच पाटण्याला तो नियम सैल करून सूत किंवा चार आणे, जे जमेल ते, असे करावे लागले. वर्गात हे मी आता हसत सांगते. पूर्वी "ठराव अयशस्वी ठरला" एवढे वाक्य लिहून घ्यायला सांगत असे.

चरखा मी माझ्यासाठी मागवला होता, पण दुपारी मी कॉलेजात असे. एक दिवस लवकर घरी आले तर अत्ती त्याच्यापुढे. पेटी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवून घेतली होती, कारण खाली बसता येत नाही. उजव्या हाताची अर्धी मूठ चक्राच्या खुंटीभोवती होती. त्याला चिमूट लागत नाही, नुसते ढकलायचे. खांद्यातूनही चक्र फिरते. ओढायचे काम डाव्या हाताचे. टेबलभर तुकडे पडले होते. "हरीतु," म्हणाल्या, तुटले. पुन्हा जोडले. पुन्हा तुटले. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "बिडव्वा." राहू दे गं.

कुणी असा समज करून घेऊ नये की चरख्याने हात बरा झाला. हात तसाच आहे. चिमूट अजूनही होत नाही, भाजी चिरता येत नाही, साडीच्या निऱ्या मीच घालून देते. चेंडू खिडकीत धूळ खातो. फरक पडला तो एवढाच की दुपारी त्यांना काम असते. त्यांचे सूत जाड, मध्ये मध्ये गाठाळ. मास्तर असते तर छडी बसली असती, असे त्याच म्हणतात. पण डोळे मिटूनसुद्धा त्या कातू शकतात, आणि पुष्कळदा मिटूनच कातत असतात. काय आठवत असते विचारले तर सांगत नाहीत.

जूनमध्ये पाऊस लागला आणि मला वाटले, आता माझ्या हातच्या सुताची टोपी विणावी. भाचीला बाळ व्हायचे होते. लोकरीसारखेच टाके घातले, सुलट, सगळे सुलट, कारण टोपी गोल विणत होते. चार बोटे वर गेल्यावर दिसले की टोपी कलते आहे. टाके उभे राहीनात, सगळे एका अंगाला झुकलेले, जोराच्या वाऱ्यात ज्वारी झुकते तसे. उसवले, पुन्हा विणले. पुन्हा तेच. आईला नेऊन दाखवली. आईने टोपी उलटसुलट केली आणि म्हणाली, "ही कुणाच्या डोक्याची गं? मान वाकडी असलेल्याच्या काय?" मग तिने सुताचे टोक बोटांत धरून सोडले. ते गर्रकन स्वतःभोवती फिरले. "एकपदरी हाय की हे. पीळ बसंल कसा गप?"

एका पदराच्या सुतात पीळ एकाच दिशेचा असतो आणि तो कायम उलगडायला बघतो. मागावर ताणलेल्या ताण्यात त्याला हलायला जागा नसते, म्हणून खादीचे कापड सरळ राहते. विणकामातला टाका सैल. तिथे पीळ आपले म्हणणे खरे करतो आणि टाक्याला ओढून नेतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्या टोपीने दाखवून दिले. दुकानातल्या लोकरीचे टोक उलगडून पाहा, त्यात तीन-चार पदर निघतील. आधी प्रत्येक पदर एका बाजूने पिळलेला, मग सगळे मिळून उलट्या बाजूने. एकाचा हट्ट दुसरा खोडून काढतो आणि धागा शांत होतो. चाळीस वर्षे आई लोकर विणत आली, सूत तिने कधी कातले नाही, पण तिच्या बोटांना हे ठाऊक होते.

मग दोन पदर करायचे ठरले. दोन चात्यांवरचे सूत एकत्र धरून चक्र उलट्या दिशेने फिरवायचे. माझे सूत एका चातीभर होते. दुसरी चाती अत्तींची. एक बारीक आणि एक जाड असे दोन धागे एकत्र पिळले की बारीक धागा जाड धाग्याभोवती वेलीसारखा फिरतो आणि सूत मणी ओवल्यासारखे दिसते. दुकानात असे सूत महाग मिळते म्हणे. त्याची टोपी सरळ झाली. पांढरी नाही, मातकट, आणि तीन धुण्यांनंतर फार मऊ. बाळ आता बसू लागले आहे आणि ती टोपी त्याच्या डोक्यावर न राहता तोंडात असते.

श्रावणातल्या पौर्णिमेला आपण नारळी पौर्णिमा म्हणतो, आमच्या घरी ती नूल हुण्णिमे, सुताची पौर्णिमा. २०२५ च्या नूल हुण्णिमेला अत्तींनी स्वतः कातलेली एक लट हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली आणि मला सांगितले, बीगित्तीला नेऊन दे. मी वडगावला गेले. आईने ती लट माझ्या हातांत अडकवली, समोर स्टूल घेतले आणि गोळा करायला बसली. मी हात डोलवत राहिले. अर्ध्यावर आली तेव्हा म्हणाली, "जाड कातलंय. पण तुटलं नाही कुठं." तिने त्याचा क्रोशाचा रुमाल केला आहे, समईखाली घालायला. तो आता त्यांच्या देवघरात आहे, आणि आमच्या देवघरातल्या वाती त्याच सुताच्या.

ती मागच्या रांगेतली मुलगी मध्यंतरी बसस्टँडवर भेटली. बी.एड. करते आहे. मी तिला म्हणाले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. अर्धा तास, नवख्याला पाऊण. तिला आधी काही आठवेना. आठवल्यावर तिने विचारले, "रोज?"

मी हो म्हणाले. तिची खानापूरची बस लागली होती.

घरी आले तेव्हा अत्ती टेबलाशीच होत्या. चक्र थांबलेले. पेळूंची पिशवी त्यांनी उलटी करून दाखवली. "हंजी मुगदाव नोडव्वा." संपल्या. वर्ध्याला फोन करायला हवा.